नंबरप्लेटच्या मागचा काळा

गाडीला नवी नंबरप्लेट बसवायला गेले होते. 1 एप्रिल 2019च्या आधी नोंदवलेल्या सगळ्या गाड्यांना ती ॲल्युमिनियमची, कोपऱ्यात अशोकचक्राचा हॉलोग्राम असलेली पाटी सक्तीची झाली, मुदतवाढी मिळत गेल्या, आणि दर मुदतवाढीला आम्हीही निवांत होत गेलो. शेवटी एकदाची तारीख घेतली. बसवणारा पोरगा चटपटीत होता. त्याने जुन्या पाटीचे दोन गंजलेले स्क्रू पिळून काढले, पाटी ओढली, आणि तिच्यामागे बंपरवर एक काळाकुळकुळीत आयत दिसला.

किती काळा, ते भोवतालचा बंपर पाहिल्यावर कळत होतं. बाकी सगळा राखाडी, मळभ आल्यासारखा. वरच्या सपाट काठावर तर फळ्याखाली साठणाऱ्या खडूच्या भुकटीचा रंग. आणि मधोमध हा हातभर लांब, अर्धी वीत उंच काळा तुकडा. वर्षानुवर्षं टांगलेलं कॅलेंडर काढलं की मागची भिंत कशी दिसते, तसा.

"नवी असताना गाडी अशी होती बघा, मॅडम," पोरगा म्हणाला आणि त्याने टक, टक करून नव्या पाटीची कुलपं दाबली. काळा तुकडा झाकला गेला. सगळं मिळून दोन मिनिटं.

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बारावीला पॉलिमरचा धडा शिकवून चोवीस वर्षं झाली. साखळ्या, एकवारिक, शाखा, सगळं फळ्यावर काढून झालेलं. आणि रोज सकाळी ओढणी सावरत ज्याला वळसा घालून मी दाराशी जाते, त्या बंपरकडे एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं.

गाडी अण्णांची, माझ्या वडिलांची. 2009 साली, शाळेतून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशांतून घेतलेली, सगळ्यात खालचं मॉडेल. वरच्या मॉडेलला बंपर गाडीच्या रंगाचा, आरसे गाडीच्या रंगाचे. आमच्या पांढऱ्या गाडीला ते सगळं काळं. शोरूममधल्या मुलाने फरक सांगितला, वरचे पैसेही सांगितले. अण्णा म्हणाले, "धडकायच्या वस्तूला रंग कशाला?" मुलगा गप्प बसला. मला तेव्हा ओशाळल्यासारखं झालं होतं, कारण काळा बंपर म्हणजे स्वस्तातली गाडी हे लांबूनच ओळखू यायचं. आता रस्त्यावर बघते तर वीस-वीस लाखांच्या गाड्यांना चाकांभोवती, दारांखाली, पुढे-मागे हेच न रंगवलेलं काळं प्लॅस्टिक मिरवलेलं असतं. त्याला 'क्लॅडिंग' म्हणतात आणि त्याने गाडी रांगडी दिसते असं मानतात. अण्णांना हे दाखवायला हवं होतं.

त्यांच्या पिढीने बंपर पाहिले ते पोलादाचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा क्रोमचा बंपर आरशासारखा असायचा; लग्नाच्या वऱ्हाडातली पोरं त्यात तोंड वाकडं करून बघायची. क्रोमखाली पाणी शिरलं की मात्र गंज फोडासारखा वर यायचा. तिकडे युरोपात 1972च्या रेनो 5 ला प्लॅस्टिकचा बंपर आला होता. अमेरिकेने 1973च्या मॉडेलपासून नियमच केला, की ताशी 5 मैलांच्या, म्हणजे 8 किलोमीटरच्या धक्क्याला पुढच्या बंपरने दिव्यांना इजा होऊ देता कामा नये. आपल्याकडे 1983च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत काळं प्लॅस्टिक गल्लोगल्ली दिसू लागलं. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्यांदा असा बंपर बोटाने टकटक वाजवून पाहिला होता आणि "ही तर बादली आहे" असा निकाल दिला होता. निकाल फारसा चुकलेला नव्हता. बरीच बादली आणि बराचसा बंपर एकाच घराण्यातले.

हे घराणं म्हणजे पॉलिप्रोपिलीन. इटलीतल्या ज्युलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये ते नीट, शिस्तीत रचलेल्या साखळ्यांच्या रूपात मिळवलं. 1963 मध्ये त्यांना जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांच्यासोबत नोबेल मिळालं. मी हे दर वर्षी सांगते आणि पोरं दर वर्षी तेवढंच लिहून घेतात. घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन बंपरच्या आतल्या बाजूला डोकावले. आत साच्यातच उमटवलेली अक्षरं होती: पीपी, अधिकचं चिन्ह, ईपीडीएम, मग टी 20. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. ईपीडीएम हे रबर. नुसतं पॉलिप्रोपिलीन थंडीत ठिसूळ होतं म्हणून मिसळलेलं. टी 20 चा क्रिकेटशी संबंध नाही. शंभरात वीस भाग टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं, घालून बंपरला ताठपणा आणलेला असतो. चेहऱ्याला लावायची पावडर ज्या दगडाची, तोच दगड. आणि काळा रंग? तो दिव्याच्या काजळीचा भाऊबंद. तेल अर्धवट जाळून धरलेली काजळी, थोडीशी, सगळ्या लगद्यात मळलेली.

मळलेली हा शब्द महत्त्वाचा. या बंपरला रंग कधी लावलेलाच नव्हता. थालीपिठाच्या भाजणीत हळद मिसळावी तसा तो आतून-बाहेरून काळा होता, कुठेही कापला तरी काळाच निघाला असता. मग लोक म्हणतात तसा त्याचा रंग उडाला कसा?

उडालेला नाही. आपल्या भाषेत रंगाच्या या दशेला एक जुना, फार चांगला शब्द आहे: विटणे. लुगडं विटतं, पडदा विटतो. माणूसही विटतो, संसाराला, नोकरीला, रोजच्या भाजीला. 'उडणे' या शब्दात रंग निघून गेल्याचा दावा असतो. 'विटणे'मध्ये तसा दावा नाही. वस्तू तिथेच असते, रंगही तिथेच असतो, पण दोघांचं काहीतरी बिनसलेलं असतं. बंपरच्या बाबतीत तर हा शब्द रसायनशास्त्रालाही चालून जावा.

साखळीतल्या एक सोडून एक कार्बनावर मिथाइलची छोटी फांदी असते. त्या सांध्यावरचा हायड्रोजन सैल. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सगळ्यात जहाल ते ओझोनच्या थरात अडतात. साधारण 290 ते 400 नॅनोमीटरमधले आपल्यापर्यंत पोचतात, आणि या सांध्यावर घाव घालायला तेवढे पुरतात. गंमत अशी की शुद्ध पॉलिप्रोपिलीन हे किरण फारसे शोषतच नाही. शोषतात ते तयार होताना त्यात राहून गेलेले उत्प्रेरकाचे कण आणि साच्यात वितळून ओततानाच काही सांध्यांना लागलेला ऑक्सिजन. म्हणजे खोट जन्मवेळचीच. एक सांधा सुटला की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, त्यातून पुढचा सांधा सुटतो, आणि साखळ्या तुटत जातात. आखूड साखळ्या आकसतात, पृष्ठभागाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि ज्याने शंखजिरं धरून ठेवलेलं होतं तेच सुटल्यामुळे शंखजिरं मोकळं होऊन वर बसतं. बोट फिरवलं की भुकटी लागते ती हीच. कारखान्यात याला उतारा म्हणून किरणांपासून वाचवणारी द्रव्यं घालतात, आणि काजळी स्वतःही मोठं कवच असते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याचसाठी. म्हणून तर ऱ्हास कातडीपुरता राहतो आणि आतलं अंग धड असतं. पण कातडी ती कातडीच.

मग राखाडी का दिसतो? खडीसाखरेचा खडा काचेसारखा असतो. तोच कुटला की पांढरा. पांढरं काहीच मिसळलेलं नसतं, फक्त कडा वाढलेल्या असतात आणि प्रकाश त्यांवरून वाटेल तसा विखुरतो. बंपरचं तेच. काळा खाली शाबूत आहे, वर प्रकाशाचा गोंधळ आहे.

सोलापुरात राहून हे कळायला मला पॉलिमरचं पुस्तक लागायला नको होतं. उन्हाळ्यात आमच्याकडचं काळं रान राखाडी पडतं, भेगाळतं. मृगाची एक चांगली सर आली की तासाभरात काळंभोर. मातीत काही नवं आलेलं नसतं, फक्त भेगांत पाणी भरलेलं असतं. पावसात आमचा बंपरही काळा व्हायचा. मला ते आठवत होतं, पण पाऊस आला की सगळंच धुऊन निघतं अशी माझी समजूत होती.

तेल लावल्यावर होतं ते हेच. अण्णा दर खंडेनवमीला गाडी धुवायचे. बादली, जुना टॉवेल, शिकेकाईच्या साबणाची उरलेली वडी. दसऱ्याला सकाळी झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. आणि पूजेच्या आधी वाटीत खोबरेल तेल घेऊन बसायचे आणि मलमलच्या चिंधीने बंपर, आरसे, दारांवरच्या पट्ट्या पुसून काढायचे. हातांना तेल लागलंच आहे म्हणून मग स्वतःच्या कोपरांनाही. बंपर लखलखायचा. सीमोल्लंघनाला गाडी निघायची ती खरंच नव्यासारखी. दोन दिवसांनी त्याच तेलावर रस्त्याची धूळ बसून बंपर आधीपेक्षा मळकट, आणि आठवडाभरात पुन्हा राखाडी. पण दसऱ्याच्या फोटोत गाडी काळ्या बंपरची आहे, दर वर्षीच्या. त्या फोटोंवर विश्वास ठेवला तर गाडी कधी विटलीच नाही.

आमच्या घराला गाडीपुरती जागा आहे, छप्पर नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भरदुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, विजेच्या खांबाचीही सावली पायाशी गोळा होते. म्हणून बंपरचा वरचा काठ सगळ्यात पांढुरका, उभी बाजू जराशी बरी, खालचा वळलेला भाग जवळजवळ काळा, आणि पाटीमागचा अगदी नव्यासारखा. सोळा वर्षांचं ऊन असं इंच-इंच वाचता येत होतं. 'आम्ही काय उन्हात केस पांढरे केले?' असं म्हणायची आपली पद्धत आहे. बंपरने केले होते.

एवढं समजल्यावर शहाण्या माणसाने स्वस्थ बसावं. गाडी चालते, 2024 साली पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत पाच हजार भरून, वर हरित कर भरून पुढच्या पाच वर्षांची नोंदणीही करून घेतलेली. बंपरच्या रंगाशी कुणाला काय देणंघेणं! पण तो काळा आयत मी पाहिलेला होता.

आधी सोपे उपाय. दुकानातून आणलेल्या चकाकी देणाऱ्या बाटलीत बहुतेक सिलिकॉनचं तेल असतं. खोबरेलपेक्षा जास्त टिकतं, पण जात तीच. दोन-तीन धुण्यांत संपलं. मग कुणीतरी बूटपॉलिश सांगितलं. मेण, काळा रंग आणि ते पातळ ठेवणारं द्रावण. भेगांत मेण बसेल, रंगही भरेल, असा माझा तर्क. तर्काला धरून रविवारी सकाळी दोन डब्या संपवल्या, ब्रशने चमकवलं. बंपर असा दिसत होता की मी स्वतःच लांब जाऊन दोनदा पाहून आले. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. पार्किंगच्या फरशीवर काळे ओघळ, आणि डिकीत पिशव्या ठेवताना मागच्या बंपरला टेकलेल्या माझ्या अबोली सलवारीवर गुडघ्याच्या उंचीला काळा पट्टा. तो अजून गेलेला नाही. तो रंग पक्का निघाला.

वॉशिंग सेंटरवर गाडीला खालून डिझेल मारतात, त्यातला एकजण बंपरलाही मारू का विचारत होता. त्याला मात्र मी ठाम नको म्हटलं. डिझेलने रबर फुगतं, एवढं शिकवणं तरी उपयोगी पडलं.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून हीट गन आणली ती निव्वळ कुतूहलापोटी. गरम हवेचा झोत बंपरवरून फिरवला की जिथे झोत जाईल तिथे राखाडी विरघळून काळा उमटत जातो. पाहण्यासारखी गोष्ट आहे. फळ्यावर ओला डस्टर फिरवावा आणि मागून काळा पट्टा निघत यावा, तसं. वरचा भेगाळलेला थर क्षणभर मऊ होतो, भेगा मिटतात, प्रकाश पुन्हा शिस्तीत परततो. मी शिट्टी वाजवायच्या बेतात होते. पॉलिप्रोपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं आणि हाताचा अंदाज इतका बारीक नसतो. धुक्यातल्या दिव्याच्या रिकाम्या खोबणीपाशी हात एक क्षण रेंगाळला आणि तिथे बंपर चकचकीत झाला, मग हलकेच लहरला. ती लहर आजही आहे. आणि जिथे छान जमलं होतं तिथेही चार-पाच महिन्यांत राखाडी परत आली. साहजिक आहे. भेगा मिटवल्या तरी तुटलेल्या साखळ्या काही जुळत नाहीत, आणि जे संरक्षक द्रव्य संपलं ते झोताने परत येत नाही. तेच विटलेलं कातडं इस्त्री करून घातलेलं.

राहिला रंग. यात मी आधी एकदा फसलेले होते. दोन वर्षांपूर्वी कुणाच्यातरी स्कूटरने मागचा बंपर खरवडला, तेव्हा एका गॅरेजमध्ये तो काळा मारून घेतला होता. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी आणली. चार महिन्यांनी वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याखाली रंगाचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटला आणि अख्खा वीतभर तुकडा नालीत वाहून गेला. तेव्हा रंग वाईट म्हणून बोंब मारली. चूक रंगाची नव्हती. पॉलिप्रोपिलीनला काहीही चिकटत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. पाणीदेखील त्यावर पसरण्याऐवजी थेंब धरून बसतं. त्याच्या डब्यावर चिकटवलेलं लेबल अख्खं सोलून येतं, तसा रंगही सोलून येतो. कारखान्यात रंगवायच्या बंपरवरून क्षणभर ज्योत फिरवतात, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्सिजन बसून पकड तयार होते. किंवा क्लोरीन जोडलेल्या त्याच जातीच्या पॉलिमरचा पातळ थर आधी मारतात, जो एका हाताने प्लॅस्टिकला धरतो आणि दुसऱ्याने रंगाला. पेंटर लोक त्याला 'पीपी प्रायमर' म्हणतात. संध्याकाळी गाडी परत देणाऱ्याने तो टप्पा गाळलेला होता.

या खेपेला सहकाऱ्याने सांगितलेल्या एका वयस्कर पेंटरकडे गेले. पत्र्याची शेड, आत एका वेळी दोनच गाड्या. त्यांनी बंपरला हात लावायच्या आधी वाकून वास घेतला. मग बोट ओलं करून फिरवलं.

"ताई, यावर आजवर काय काय चोळलंय?"

डॉक्टर विचारतात तसा प्रश्न, आणि मीही तशीच उत्तरं देत गेले. दुकानातली बाटली. किती वेळा? तीन. बूटपॉलिश, एकदा. हीट गन. ते मान हलवत होते. मग मी म्हटलं, खोबरेल तेल. किती वर्षं? बारा-तेरा दसरे.

"वडील?"

"हो."

"तेल सुटतं हो, पण ते बाटलीतलं सिलिकॉन लई वाईट. दिसत नाही, जात नाही. रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात." ते म्हणाले, "रंगाला तासभर लागतो. हे सगळं काढायला दीड दिवस."

मी पहिला अर्धा दिवस स्टुलावर बसून पाहिलं. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांना दुसऱ्याचं काम बसून बघायची संधी क्वचित मिळते, आणि मिळाली की बहुतेकांना गप्प बसवत नाही, मी बसले. आधी भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, दोनदा. मग द्रावणात भिजवलेली एक चिंधी पुढे आणि लगोलग कोरडी चिंधी मागे, म्हणजे निघालेलं तेल पुन्हा तिथेच पसरू नये. चिंधी दर हातागणिक उलटायची, चार पुसण्यांनंतर टाकून द्यायची. अण्णा वर्षानुवर्षं एकच मलमल वापरायचे, तीच घडी करून वाटीत ठेवायचे. इथे एकामागून एक पिवळट चिंध्यांचा ढीग वाढत होता. त्या ढिगाकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन, कारण पेंटरकाकांनी चहा मागवला.

पॉलिश पेपर त्यांनी फक्त त्या लहरलेल्या जागी आणि पांढुरक्या काठावर लावला. बाकी ठिकाणी घासणी, आपण भांड्यांना वापरतो त्याच्या जातीची. का, असं विचारल्यावर माझं बोट धरून त्यांनी बंपरवर टेकवलं. कारखान्यातून येताना या प्लॅस्टिकला चामड्यासारखा बारीक दाणा दिलेला असतो. पेपर मारला की दाणा जातो, मग कितीही चांगला काळा मारा, वस्तू टकली दिसते. घासणी दाण्याच्या फटींत शिरते, मेलेलं तेवढं उचलते, दाणा ठेवते. मी सोळा वर्षं त्या गाडीत बसले आहे आणि तिच्या बंपरला दाणा आहे हे मला माहीत नव्हतं.

मग पाण्याची चाचणी. सगळीकडून पाणी ओतायचं आणि बघायचं. नव्या प्लॅस्टिकवर पाणी थेंब धरतंच, पण विटून, घासून खरखरीत झालेल्यावर जिथे थेंब धरतं तिथे अजून तेल आहे, जिथे सरळ पसरतं ती जागा तयार. डाव्या कोपऱ्यात पाणी तीनदा थेंब धरून बसलं. अण्णा डावखुरे होते. तिथून सुरुवात करत असावेत, वाटी भरलेली असताना.

दुसऱ्या दिवशी प्रायमरचा थर, अगदी पातळ, दिसेल न दिसेलसा. तो ओलसर चिकट असतानाच काळ्याचे तीन हात, मधे दहा-दहा मिनिटं सोडून. मारण्याआधी त्यांनी विचारलं होतं, चमक पाहिजे की मूळचा मंद. बहुतेक लोक चमक मागतात म्हणे. मी मंद सांगितला. नव्या गाडीचा तो काळाही चमकणारा नव्हता. चमकता काळा आम्हाला तेलाने शिकवला. दसऱ्याच्या फोटोंवरून गाडी रंगवायची नव्हती मला. पाटीमागे दोन मिनिटं दिसला होता तो हवा होता.

अठराशे रुपये झाले. हे काम सोळा वर्षांच्या गाडीवर करावं का, असं मला विचाराल तर पैशांच्या हिशोबात बसत नाही. नव्या गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकसाठी मात्र एक सांगते. धुऊन कोरडं करून सावलीत उभी करा, आणि लावायचंच तर अतिनील रोखणारं, वाळून घट्ट बसणारं कोटिंग सुरुवातीलाच लावा. चमक देणारी बाटली घेऊ नका. पुढेमागे तुमच्या पेंटरचा एक दिवस वाचेल. आणि खताची पांढरी पोती गच्चीवर वर्षभर कशावर तरी पांघरून ठेवून पाहा. तीही बहुधा पॉलिप्रोपिलीनचीच. दुसऱ्या उन्हाळ्यात हातात धरली की चुरा होतो. ऊन काय करतं ते बंपरपेक्षा तिथे लवकर कळतं.

बंपर आता काळा आहे. पावसात आणि उन्हात सारखाच. फक्त एक गोष्ट पेंटरकाकांना करता आली नाही. नवी नंबरप्लेट कुलपी आहे, एकदा दाबली की मोडल्याशिवाय निघत नाही, आणि मोडली तर पुन्हा तारीख, पुन्हा पैसे. म्हणून तिच्यावर कागद लावून, कडेने टेप मारून त्यांनी बाकीचा बंपर रंगवला. पाटीच्या मागे रंग गेलेला नाही. तिथे तेलही कधी पोचलं नव्हतं.